आर्किमिडीज

आर्किमिडीज हा फार मोठा गणिती होऊन गेला. त्याचा जन्म इसवी सनापूर्वी सुमारे २८७ साली सिराक्यूज या शहरात झाला. हे शहर सिसिली बेटावर आहे. सिसिली आता इटली देशात आहे. त्याच्या वडिलांचे नाव फिडियस. ते ताऱ्यांचा अभ्यास करीत.

आर्किमिडीजला आकृत्यांचा फार नाद होता. सारख्या बाजूंच्या आकृतीचे क्षेत्रफळ सोपे असते. मध्यापासून कोपऱ्यांपर्यंत रेघा मारल्या की तिचे त्रिकोण पडतात. त्यांची बेरीज केली की झालं! पण वर्तुळाला तर बाजूच नाही. मग मोजायचं कसं?

त्याने युक्ती केली. वर्तुळाच्या आत ६ बाजूंची आकृती काढली. बाहेरून तशीच एक काढली. वर्तुळ दोघींच्या मधे सापडले. मग बाजू दुप्पट करीत गेला. १२, २४, ४८ आणि शेवटी ९६! आकृत्या वर्तुळाला चिकटत गेल्या. त्या काळी दशांश चिन्ह नव्हते. सगळा हिशोब अपूर्णांकांत केला. परीघ हा व्यासाच्या ३ पूर्णांक १०/७१ पटीपेक्षा जास्त आणि ३ पूर्णांक १/७ पटीपेक्षा कमी असतो, असे त्याने दाखवले. ३ पूर्णांक १/७ म्हणजेच आपले २२/७. परिघाला त्रिज्येने गुणून निम्मे केले की वर्तुळाचे क्षेत्रफळ मिळते, हेही त्यानेच सिद्ध केले.

मी घरी जेवायचे ताट मोजले. व्यास २८ सेंटिमीटर भरला. त्याच्या ३ पट दोरा कापला तर कडेला ४ सेंटिमीटर कमी पडला. मग २२/७ ने हिशोब केला. ८८ सेंटिमीटर आले. तेवढा दोरा बरोबर पुरला. ताटाला एवढे उत्तर पुष्कळ झाले.

पुढे रोमच्या सैन्याने सिराक्यूजला वेढा घातला. आर्किमिडीजने दगड फेकणारी यंत्रे करून शहर वाचवायला मदत केली. पण इसवी सनापूर्वी २१२ साली शहर पडले. एका सैनिकाने त्याला ठार मारले. तेव्हा तो आकृती काढण्यात गुंग होता, असे सांगतात. मला फार वाईट वाटले.

आर्किमिडीजने आपले उत्तर अगदी तंतोतंत आहे असे सांगितले नाही. ते कुठून कुठपर्यंत असेल ते सांगितले. मोजताना थोडा फरक आला की मी वहीतले सगळे खोडून टाकायचे. आता खोडत नाही. किती फरक आला ते शेजारी लिहिते.

अशा या थोर गणितीला माझा नमस्कार.