सिगारशिवायचे सात आठवडे

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याचे छायाचित्र डोळ्यांसमोर आणले की पांढरी दाढी, भेदक नजर आणि बोटांमधील सिगार या तिन्ही गोष्टी एकदमच आठवतात. ही सिगार सोडण्याचा त्याने प्रयत्न केला होता, आणि तोही एकदा नव्हे तर अनेकदा, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. त्यातील सर्वांत गंभीर प्रयत्न १८९४ सालच्या वसंत ऋतूतला. फ्रॉइड तेव्हा अडतिशीला टेकला होता, पदरी मुलेबाळे होती, व्हिएन्नात वैद्यकीचा व्यवसाय जेमतेम बसू लागला होता आणि त्याचे नाव जगाला अजून माहीत व्हायचे होते.

धूम्रपानाची सुरुवात त्याने चोविसाव्या वर्षी केली होती. आधी सिगारेट, मग केवळ सिगार. वडील याकोब हेही पक्के धूम्रपान करणारे, आणि उतारवयापर्यंत त्यांची सवय सुटली नव्हती. मुलाने बापालाही मागे टाकले. दिवसाला वीस सिगार हे फ्रॉइडचे नेहमीचे प्रमाण होते. ऑस्ट्रियात तंबाखूचा व्यापार सरकारी मक्तेदारीचा होता आणि या मक्तेदारीच्या दुकानांत मिळणारी ‘त्राबुको’ नावाची लहान, सौम्य सिगार तो ओढत असे. लेखन, वाचन, रुग्णांशी संभाषण, सारे काही धुराच्या साथीने चाले.

१८९३ च्या शरद ऋतूत हृदयाच्या तक्रारी सुरू झाल्या, तेव्हा त्याने बर्लिनमधील आपला जिवलग मित्र विल्हेल्म फ्लीस याला कळवले. फ्लीस हा कान, नाक व घशाचा डॉक्टर. दोघांची ओळख १८८७ सालची आणि त्यांचा पत्रव्यवहार अखंड चालू होता. फ्लीसने निदान केले ते निकोटिनच्या विषबाधेचे, आणि धूम्रपान बंद करण्याचे फर्मान काढले. फ्रॉइडने ते आधी चक्क धुडकावले. रोगी स्वतःच डॉक्टर असला की असे होतेच.

पुढच्या वसंतात मात्र त्याने सिगार खरोखरच खाली ठेवली. पहिले काही दिवस अपेक्षेपेक्षा बरे गेले. मज्जाविकारांवरचे आपले विचार फ्लीससाठी कागदावर उतरवायलाही त्याने घेतले. आणि मग अचानक, धूम्रपान करीत असताना कधी झाला नव्हता एवढा त्रास उसळला. हृदयाचे ठोके कमालीचे अनियमित, छातीत दाब आणि जळजळ, डाव्या हातात उतरणारी कळ, धाप. यांच्या जोडीला मनावर मळभ आले. एरवी कामाच्या धबडग्यात असणाऱ्या या माणसाला मृत्यूची आणि निरोपाची दृश्ये दिसू लागली. तलफेचा जाच आपण कल्पिला होता त्याहून कितीतरी अधिक आहे, अशी कबुली त्याने एप्रिलमधील पत्रात दिली आहे. त्याच पत्रात त्याने असेही कळवले की तीन आठवडे ओठांना काही लागलेले नाही, इतरांना ओढताना पाहून आता हेवा वाटत नाही, आणि सिगारशिवायचे आयुष्य व काम यांची कल्पना करणे शक्य होऊ लागले आहे.

मग घोडे कुठे अडले? तलफेइतकीच त्याला पोखरत होती ती अनिश्चितता. छातीत होते आहे ते व्यसन तोडल्यामुळे, निकोटिन साचल्यामुळे, हृदयाच्या स्नायूंच्या जुनाट विकारामुळे, की हे सारे मनाचे खेळ? दिवसभर इतरांच्या शारीरिक लक्षणांमागील मानसिक कारणे शोधणाऱ्या या डॉक्टरला स्वतःच्या लक्षणांचा उलगडा होईना. व्हिएन्नातील त्याचा ज्येष्ठ सहकारी जोसेफ ब्रॉयर हृदयाच्या स्नायूंचा विकार असण्याची शक्यता धरून होता, पण स्पष्ट काही बोलत नव्हता. फ्लीस निकोटिनवर ठाम होता. दोघेही खरे काय ते आपल्यापासून लपवत आहेत, असा फ्रॉइडला संशय आला. चाळीस ते पन्नासच्या दरम्यान आपण हृदय फुटून मरणार, असा अंदाजही त्याने बांधून टाकला. या आजाराविषयी पुढेही एकमत झाले नाही. चरित्रकार अर्नेस्ट जोन्स याने त्यात मनोविकाराचा भाग मोठा मानला, तर अखेरच्या दशकात फ्रॉइडवर उपचार करणारा डॉक्टर मॅक्स शूर याला तो हृदयाचाच खरा विकार वाटला.

सात आठवड्यांनंतर फ्रॉइड पराभूत झाला. पहिल्या सिगारबरोबर आपल्याला काम करता येऊ लागले, मनावरचा ताबा परत आला, असे त्याने जूनमध्ये फ्लीसला कळवले, आणि आपण हळूहळू दिवसाला तीनपर्यंत आलो आहोत हेही सांगून टाकले. मग पुन्हा बंदी, पुन्हा सूट. एका टप्प्यावर आठवड्यातून एकच, तीही गुरुवारी. जून १८९५ मध्ये त्याने पुन्हा सुरुवात केल्याचे कळवले तेव्हा कारण दिले ते असे, की मनाला खूश ठेवले नाही तर ते काम करीत नाही.

आजच्या वैद्यकाला जे माहीत आहे, ते पाहता हे सात आठवडे विशेष लक्षात घेण्याजोगे ठरतात. निकोटिन सुटल्यानंतरची चिडचिड, अस्वस्थता, उदासी आणि चित्त एकाग्र न होणे यांचा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो आणि साधारणपणे तीन-चार आठवड्यांत ओसरतो. म्हणजे शरीराची अवघड वाट फ्रॉइड चालून गेला होता. ज्या काळात निकोटिनचे च्युइंगगम नव्हते, समुपदेशन नव्हते, त्या काळात हे सोपे नव्हतेच. त्याला हरवले ते लिहिण्याच्या टेबलाने. सिगारशिवाय विचार सुचत नाहीत, या समजुतीला त्याने कधी आव्हान दिले नाही. १९२९ मध्ये धूम्रपानाविषयी विचारणा झाली तेव्हाही, आयुष्याच्या लढाईत सिगारने आपल्याला पन्नास वर्षे ढाल आणि शस्त्र म्हणून साथ दिली, कामाची शक्ती दिली, असेच त्याचे उत्तर होते.

व्यसनाबद्दल त्याला कळत नव्हते, असे अजिबात नाही. मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल या मित्राला त्याने कोकेन सुचवले होते. मित्र कोकेनच्याही आहारी गेला आणि १८९१ मध्ये वारला. १८९७ मध्ये तंबाखू, मद्य, मॉर्फिन ही सारी व्यसने बालपणीच्या एका आदिम सवयीची पर्यायी रूपे असल्याचा तर्क त्याने फ्लीसपाशी मांडला. लहानपणी ओठांच्या सुखाची ओढ अधिक असलेली मुले पुढे मद्य व धूम्रपानाकडे वळतात, हे १९०५ च्या ग्रंथात त्याने छापून टाकले. स्वतःच्या सिगारला मात्र त्याने कोचावर कधी नीट झोपवले नाही.

फेब्रुवारी १९२३ मध्ये तोंडात, उजव्या बाजूला जबडा आणि टाळूपाशी गाठ दिसली. डॉक्टर सिगार बंद करायला लावतील या धास्तीने त्याने दाखवायला उशीर केला. निदान कर्करोगाचे होते, पण फेलिक्स डॉइच या डॉक्टरने ते त्याच्यापासून दडवले. १८९४ मध्ये ज्याची शंका आली होती, ते या वेळी खरोखरच घडले. फ्रॉइडने हे कधी माफ केले नाही. शूरला नेमताना खरे तेच सांगायचे, ही त्याची पहिली अट होती. ऑक्टोबर १९२३ मध्ये हान्स पिश्लर या शल्यविशारदाने वरचा जबडा व टाळू यांचा मोठा भाग काढून तिथे कृत्रिम जबडा बसवला. पुढील सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

यानंतरही एकदा सिगार सुटली होती. एप्रिल १९३० मध्ये हृदय आणि पोट यांच्या त्रासाने तो व्हिएन्नातील एका आरोग्यभवनात दाखल झाला, धूम्रपान पूर्ण थांबवले आणि झपाट्याने सुधारला. हा संयम तेवीस दिवस टिकला. मग दिवसाला एक सिगार, काही महिन्यांनी दोन, आणि वर्षअखेरीस तीन-चार.

फ्लीसला लिहिलेली पत्रे १९३६-३७ च्या हिवाळ्यात एका विक्रेत्यामार्फत मारी बोनापार्ट हिच्या हाती आली. ती नष्ट व्हावीत अशी फ्रॉइडची इच्छा होती. आपल्या या शिष्येने ती जाळून टाकावीत म्हणून त्याने गळ घातली. तिने गुरूचे ऐकले नाही. १९३८ च्या जूनमध्ये नाझींच्या तावडीतून सुटून फ्रॉइड लंडनला पोहोचला आणि २३ सप्टेंबर १९३९ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्याच जबड्याच्या कर्करोगाने तिथेच मरण पावला.