पुसले गेलेले नाव

कागद जपून ठेवणे सोपे. हवा तेव्हा तो काढून देणे अवघड. रुमालात बांधलेल्या दप्तरांशी ज्याचा कधी संबंध आला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. आज संगणकावर दोन-चार शब्द दिले की हवे ते क्षणात समोर येते आणि ही सारी अमेरिकेची देणगी, असे आपण धरून चालतो. पण कागदपत्रे साठवणारे आणि त्यांतून नेमका कागद हुडकणारे यंत्र १९३१ सालीच जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात चालवून दाखवण्यात आले होते. त्याचा कर्ता होता इमॅन्युएल गोल्डबर्ग.

गोल्डबर्गचा जन्म १८८१ साली मॉस्कोत, एका ज्यू कुटुंबात झाला. ओढा यंत्रांकडे, पण झारच्या रशियात ज्यू मुलांना अभियांत्रिकीची दारे जवळजवळ बंदच होती. म्हणून तो रसायनशास्त्राकडे वळला आणि पुढे जर्मनीत गेला. लाइपझिगला १९०६ साली त्याने डॉक्टरेट मिळवली. १९०७ पासून दहा वर्षे तिथल्याच ग्रंथकला अकादमीत त्याने छपाई आणि छायाचित्रणाचे शास्त्र शिकवले. प्रकाशाचे भौतिकशास्त्र आणि कारखान्यातली कारागिरी या दोन्ही गोष्टी त्याच्या हाती एकत्र आल्या त्या इथे.

१९१७ साली तो ड्रेस्डेनच्या इका या कॅमेरा कंपनीत आला. १९२६ साली इकासह चार कंपन्या एकत्र येऊन झाइस इकॉन उभी राहिली, तेव्हा तिची सूत्रे त्याच्याकडे आली. हातात धरून चित्रण करता येईल असा त्याचा किनामो हा छोटा चित्रपट कॅमेरा योरिस इव्हेन्ससारख्या माहितीपटकाराने वापरला. १९२५ साली पॅरिसच्या परिषदेत त्याने मजकूर इतका सूक्ष्म करून दाखवला, की एका चौरस इंचात पन्नास बायबले मावावीत.

पण इतके बारीक लिहिले, तर शोधायचे कसे? त्याचे उत्तर म्हणजे हे यंत्र. कागदांची छायाचित्रे फिल्मवर घ्यायची आणि प्रत्येकाशेजारी ठिपक्यांची सांकेतिक खूण ठेवायची. जे हवे त्याच्या खुणेप्रमाणे एका पत्रिकेला भोके पाडायची आणि तिच्यासमोरून फिल्म धावू द्यायची. भोकांसमोर नेमके काळे ठिपके आले की प्रकाश पूर्ण अडतो, प्रकाशविद्युत घटाला ते तत्काळ कळते आणि यंत्र इशारा देते. त्याचे अमेरिकन पेटंट डिसेंबर १९३१ मध्ये मंजूर झाले.

यानंतर सवा वर्षात सारे उलटले. एप्रिल १९३३ मध्ये नाझी गुंडांनी गोल्डबर्गला त्याच्या कचेरीतूनच उचलून नेले. काही दिवसांनी सुटका झाली, तेव्हा त्याने जर्मनी सोडली. चार वर्षे पॅरिसला काढून १९३७ साली तो पॅलेस्टाइनला पोचला. वयाच्या छपन्नाव्या वर्षी, नव्या भूमीत, त्याने तेल अविवमध्ये सूक्ष्म उपकरणांची प्रयोगशाळा काढली. इस्रायलच्या प्रकाशीय उपकरण-उद्योगाची मुळे तिथे सापडतात.

इकडे अमेरिकेत १९३८ पासून व्हॅनेव्हार बुशच्या पुढाकाराने फिल्म आणि प्रकाशविद्युत घट यांवरच चालणारे शोधयंत्र बनू लागले. बुशचा १९४५ सालचा लेख तर जगभर गाजला. माहितीशास्त्राचा उगम म्हणून त्याचेच नाव घेण्याची प्रथा पडली. त्या लेखात गोल्डबर्ग कुठेच नाही. पुढच्याच वर्षी एफबीआयचे प्रमुख एडगर हूव्हर यांनी हेरांच्या सूक्ष्म ठिपक्यावर लेख लिहिला आणि त्याचे श्रेय कुणा प्राध्यापक झाप यांना देऊन टाकले.

चोरी झाली, असे म्हणण्याचे कारण नाही. एकच कल्पना दोघांना सुचू शकते. पण श्रेय आपोआप टिकत नाही. ज्याची संस्था, सहकारी, शिष्य आणि भाषा शाबूत असतात त्याची आठवण राहते. गोल्डबर्गचे हे सारे पाश एका झटक्यात तोडले गेले. त्याच्या विस्मृतीचे मोठे कारण विज्ञानात नव्हते, राजकारणात होते.

इस्रायलने १९६८ साली आपला सर्वोच्च पुरस्कार त्याला दिला. १९७० साली तो वारला. मायकल बकलंड या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकाने जुनी पेटंटे आणि कागद चाळून त्याचे चरित्र प्रसिद्ध केले ते २००६ साली. त्याचा स्वतःचा कागद दप्तरातून बाहेर यायला पंचाहत्तर वर्षे लागली, आणि तोही शेवटी माणसानेच शोधला.