श्रीमंत प्रतापसिंह महाराज छत्रपती

बारामती व इंदापूर तालुक्यांच्या दक्षिणेस वाहणारी नीरा ही आज केवळ जिल्ह्याची सीमा आहे. परंतु इ. स. १८१९ च्या तहापासून सुमारे तीस वर्षे ती दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे कंपनी सरकारचा अंमल, पलीकडे सातारच्या छत्रपतींचा. त्या छत्रपतींचे, प्रतापसिंह महाराजांचे, चरित्र आपल्या घरातील मुलामुलींना ठाऊक असावे.

महाराजांचा जन्म १७९३ चा. १८०८ साली गादी मिळाली, पण सत्ता पेशव्यांकडेच राहिली. २० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले व महाराज इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनने त्यांना साताऱ्यास गादीवर बसविले. यात औदार्य थोडे व हिशेब फार होता. छत्रपतींचे नाव कायम राहिले म्हणजे खवळलेला मुलूख शांत होईल, हे त्या चतुर गृहस्थाने ओळखले होते.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नीरेपासून कृष्णा-वारणेपर्यंतचा मुलूख महाराजांस मिळाला. मात्र कंपनीच्या संमतीवाचून परराज्याशी पत्रव्यवहार करावयाचा नाही, ही अट होती. फलटण, भोर, औंध, जत, अक्कलकोट येथील जहागीरदार महाराजांचे मांडलिक खरे, पण त्यांची हमी कंपनीने घेतलेली! म्हणजे धनी एक आणि जामीन दुसरा. शिवाय दरबारी इंग्रज रेसिडेंट होताच. पहिला ग्रँट डफ. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. त्याने १८२२ पर्यंत कारभार स्वतः पाहिला व मग तो महाराजांच्या हाती दिला.

महाराजांनी कारभार चोख ठेवला, रस्ते बांधले, विद्येस उत्तेजन दिले. १८३५ साली कंपनीच्या संचालकांनी त्यांची प्रशंसा करून तरवार भेट देण्याचे ठरविले. पुढे अवघ्या चार वर्षांत तेच महाराज राजद्रोही ठरले. जहागिरींवरील हक्कासाठी ते नेटाने भांडत होते, हे विसरून चालणार नाही. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा व कंपनीचे शिपाई फितविल्याचा आरोप आला. १८३९ साली मुंबईचे गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. अपराध कबूल करून सही करावी, म्हणजे गादी राहील, असे त्यांनी सुचविले. महाराजांनी सही केली नाही.

सप्टेंबरात त्यांस पदच्युत करून काशीस पाठविले आणि धाकटे बंधू शहाजी यांस गादीवर बसविले. रंगो बापूजी १८५३ पर्यंत विलायतेत त्यांच्यासाठी दाद मागत राहिले. महाराज मात्र १८४७ सालीच काशीत वारले. १८४८ साली शहाजीही निवर्तले. डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केले. नीरेपलीकडे फलटण तेवढे निंबाळकरांकडे राहिले, ते १९४८ साली विलीन झाले.