घरातल्या रडारला ‘भूत’ का दिसतं? उत्तर शोधताना १३० वर्षांपूर्वीचे जगदीशचंद्र बोस आठवतात

काशीमीरा नाक्याजवळच्या एखाद्या फ्लॅटमध्ये छोटा रडार सेन्सर बसवलाय असं समजा. एकटे आजोबा पडले तर मुलाच्या मोबाईलवर अलर्ट यावा, एवढंच त्याचं काम. पण सेन्सर दोन माणसं दाखवतो. दुसरा चक्क लोखंडी कपाटामागच्या भिंतीत!

आजोबांवर आदळलेली लहर कपाटावर आपटून, लांबचा फेरा मारून परत येते. सेन्सरला वाटतं, तिकडेही कुणीतरी आहे. सोबतीला माणूस आहे असं तो धरून बसला, तर मदत यायला उशीर होऊ शकतो.

अशा अनेक सेन्सरमध्ये ६० गिगाहर्ट्झची, म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर लांबीची लहर असते. एवढ्या आखूड लहरींवर कोलकात्यात काम करून दाखवलं ते जगदीशचंद्र बोस यांनी.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी जन्मलेले बोस १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला लागले. भारतीय म्हणून पगार इंग्रज प्राध्यापकांपेक्षा कमी. त्यांनी तो घेतलाच नाही. वडिलांवर कर्ज असतानाही तीन वर्षं बिनपगारी शिकवलं. शेवटी सरकार नमलं आणि मागचा पूर्ण पगार मिळाला.

धड प्रयोगशाळा नव्हती, म्हणून कॉलेजातल्या एका छोट्याशा खोलीत त्यांनी काम सुरू केलं. लांब लहरी वस्तूंना वळसा घालतात आणि त्यांना उपकरणंही मोठी लागतात, म्हणून बोस आखूड लहरींकडे वळले. १८९५ च्या सुमारास त्यांनी भिंतींपलीकडची घंटा या लहरींनी वाजवून दाखवली.

खरी अडचण होती भरकटलेल्या लहरींची. त्या नको तिथे पोचल्या तर मोजमाप चुकायचं. बोसांनी कॉइल, बॅटरी आणि कळ पत्र्याच्या पेटीत बंद केली, लहरी नळीतून नेमक्या दिशेला सोडल्या. रेल्वे वेळापत्रकाच्या पानांमध्ये धातूचा वर्ख घालून त्यांनी गाळणी बनवली. ती एका दिशेत कंप पावणाऱ्या लहरी सोडायची, दुसऱ्या अडवायची.

बोस रडार बनवत नव्हते. पण नको ती लहर बाजूला काढायचा प्रश्न तोच आहे. आज त्यासाठी सॉफ्टवेअरही मदतीला असतं. खोलीच्या भिंती कुठे आहेत हे त्याला आधीच सांगितलं, की भिंतीपलीकडचा ‘माणूस’ ते वगळतं. खऱ्या माणसासोबतच हलणारा, पण जास्त लांब आणि बहुतेक वेळा फिका दिसणारा ठिपकाही संशयित ठरतो.

बोस पुढे वनस्पतींच्या संशोधनाकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उभारली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह इथे त्यांचं निधन झालं. मिलिमीटर लहरींचे घरगुती सेन्सर बाजारात यायला त्यानंतरही कित्येक दशकं लागली.