गिरणगावचा शाहीर मॉस्कोत

मुंबईतील लोअर परळ, परळ, लालबाग या भागाला गिरणगाव म्हणत. आज तेथे उंच इमारती दिसतात. पूर्वी कापडगिरण्यांची धुराडी दिसत. रात्री एखाद्या मैदानात डफ वाजू लागे. दिवसभर राबलेले कामगार मांडी घालून पोवाडा ऐकायला बसत. त्यांचे आवडते शाहीर होते अण्णाभाऊ साठे.

‘शाहीर’ हा शब्द तुमच्या ओळखीच्या ‘शायर’ या शब्दावरूनच मराठीत आला. मात्र शाहीर कविता नुसती ऐकवत नाही. तो डफावर थाप मारून ती उभ्याने गातो.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे मूळ नाव तुकाराम. घरी फार गरिबी होती आणि शाळा अवघी दीड दिवस लाभली. पुढे हे कुटुंब पायी चालत मुंबईला आले. येथे अण्णाभाऊंनी मिळेल ते काम केले, गिरणीतही काम केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे पाहून ते अक्षरे जुळवू लागले. त्यांची खरी शाळा ही!

दुसऱ्या महायुद्धात रशियातील स्टालिनग्राड शहराने हिटलरच्या फौजांना अडवले. अण्णाभाऊंनी ते शहर पाहिले नव्हते. तरीही १९४३ साली त्यांनी त्यावर पोवाडा रचला. हजारो मैल दूरच्या लोकांचे दुःख त्यांनी गिरणगावच्या बोलीत, गिरणगावच्या चालीत सांगितले. मला त्यांचे हे मोठे काम वाटते.

१९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर ‘लाल बावटा कलापथक’ काढले. पहाडी आवाजाचे अमर शेख हे मूळचे बार्शीचे मेहबूब पटेल. हिंदू-मुसलमान असा भेद या पथकात नव्हता. तमाशाच्या आरंभी गणपतीला वंदन करण्याची रीत असते. अण्णाभाऊंनी तेथे मातृभूमीला आणि शिवाजी महाराजांना वंदन घातले.

स्वातंत्र्यानंतर भारत आणि सोव्हिएत संघ यांची मैत्री वाढली. ती केवळ करारांनी वाढली नाही. ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलेला ‘आवारा’ हा चित्रपट तेथे घरोघरी पोचला. अण्णाभाऊंची ‘चित्रा’ ही कादंबरी रशियन भाषेत गेली. १९६१ साली ते स्वतः त्या देशात गेले. परत आल्यावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कारही मिळाला.

इतका मान मिळूनही गरिबी सुटली नाही. त्यांची बरीच वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये, झोपडीत गेली. पुस्तके तेथेच लिहिली गेली. परदेशात ज्याचे कौतुक झाले, त्याला आपल्या शहरात धड घर मिळायला फार उशीर झाला. १८ जुलै १९६९ रोजी ते वारले. त्याच वर्षी अमर शेखही अपघातात गेले.

सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसवण्यात आला.