हात न लावता वाजणारं वाद्य

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं मॅडमनी सांगितलं तेव्हा आधी हसूच आलं. मी कॉन्व्हेंटची, ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे माझ्यासाठी ऑप्शनला टाकायचा प्रश्न. पण मिनी प्रोजेक्टला आम्ही थेरेमिन करायला घेतलं आणि ते शोधणाऱ्या माणसाबद्दल वाचताना दोन रात्री कशा गेल्या कळलंच नाही. सबमिशन राहिलं ते राहिलंच.

लेव्ह सर्गेयेविच तेर्मेन, अमेरिकेत गेल्यावर लिऑन थेरेमिन. जन्म 1896, सेंट पीटर्सबर्ग. चेलो वाजवायचा आणि शिकला फिजिक्स. 1920 मध्ये पेत्रोग्राडला अब्राम योफे यांच्या संस्थेत तो वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं उपकरण जुळवत होता. हात जवळ नेला की हेडफोनमधल्या शिट्टीचा सूर बदलायचा. दुसरा कोणी असता तर नॉईज म्हणून वैतागला असता. याने त्यावर चक्क सूर लावले!

तत्त्व आपल्या सिलॅबसमधलंच आहे. दोन ऑसिलेटर, दोन्ही आपल्या ऐकण्याच्या पलीकडचे. समजा एक 500 किलोहर्ट्झवर आणि दुसरा 499.56 वर. दोन्ही मिसळले की फरक 440 हर्ट्झ, आणि तो स्पीकरवर ऐकू येतो. आपला हात म्हणजे कपॅसिटरची एक प्लेट. उभ्या अँटेनाजवळ हात नेला की कपॅसिटन्स वाढतो, एका ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी उतरते, फरक वाढतो आणि सूर चढतो. दुसरा हात आडव्या लूपवर, आवाज कमी-जास्त करायला. आज सेन्सर लावून जे संगीत करतात, त्याचं मूळ इथे आहे. कागदावर सोपं वाटतं, पण बदल पिकोफॅरडच्याही अंशाचा असतो. आमच्या रूमवर पंखा सुरू केला की सूर डुलायचा आणि रूममेट चहा घेऊन आली की किंचाळायचा!

1922 मध्ये तेर्मेनने लेनिनला वाद्य दाखवलं, लेनिनने स्वतः वाजवूनही पाहिलं. मग युरोपचा दौरा, 1927 ला न्यूयॉर्क, 1928 ला पेटंट. आरसीए कंपनीने सुमारे 500 थेरेमिन बनवली. पण ती बाजारात आली आणि मंदीही आली. शिवाय ते वाजवणं खूप अवघड, पट्टी नाही की पडदा नाही, सगळा हिशोब कानावर. ते खरं वाजवलं क्लारा रॉकमोरने. हाताच्या दुखण्यामुळे तिचं व्हायोलिन सुटलं होतं. तेर्मेनने तिला लग्नाचं विचारलं, तिने नाही म्हटलं. तरी तिच्यासाठी त्याने वाद्य सुधारून दिलं. पुढे त्याने टर्प्सिटोन केलं. त्या प्लॅटफॉर्मवर नाचलं की शरीराच्या हालचालीतूनच सूर निघायचे.

1938 मध्ये त्याने लाविनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तकीशी लग्न केलं. त्या काळच्या अमेरिकेत हे धाडसच. अनेक ओळखीच्यांनी दारं बंद केली. त्याच वर्षी तो अचानक रशियाला परतला. कर्जामुळे, की सरकारने बोलावलं म्हणून, यावर एकमत नाही. लाविनिया मागेच राहिली.

1939 मध्ये अटक, आठ वर्षांची शिक्षा, कोलिमाची खाण. नंतर शास्त्रज्ञ कैद्यांच्या प्रयोगशाळेत आणलं. तिथे त्याने जे केलं ते वाचून मी पुस्तक मिटून बसले. 1945 मध्ये रशियन शाळकरी मुलांनी अमेरिकन राजदूताला लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. आत तेर्मेनचं यंत्र. ना बॅटरी, ना वायर. बाहेरून रेडिओ लहरी सोडल्या की ते जागं व्हायचं. बोलण्याने आतला पातळ पडदा थरथरायचा, कपॅसिटन्स बदलायचा आणि परतणाऱ्या लहरीवर बोलणं उमटायचं. 1952 पर्यंत ते भिंतीवर होतं. म्हणजे तत्त्व थेरेमिनच्या किती जवळचं बघा, फक्त हाताच्या जागी समोरच्याचा आवाज. 1947 ला सुटका आणि स्टालिन पारितोषिकही मिळालं, तरी तो गुप्तचर खात्याचं काम करत राहिला. कैदेत असताना केलं ते समजू शकते. नंतरचं काय? मला अजून ठरवता आलेलं नाही.

पश्चिमेत अनेकांनी तो मेला असंच धरलं होतं. 1967 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख आला की तो मॉस्कोच्या संगीत विद्यालयात वाद्यं बनवतोय. त्या लेखाचं बक्षीस काय, तर नोकरी गेली आणि वाद्यं फोडून टाकली. 1991 मध्ये, नव्वदी उलटल्यावर, तो न्यूयॉर्कला जाऊन क्लाराला भेटला. लाविनिया मात्र 1989 मध्येच गेली होती. 1938 नंतर त्या दोघांची भेट कधीच झाली नाही. 3 नोव्हेंबर 1993 ला तो मॉस्कोत वारला, वयाच्या 97 व्या वर्षी.

आमचं थेरेमिन लॅबमध्ये मागच्या टेबलावर ठेवलंय. कोणीही येऊन वाजवा, फक्त आधी पंखा बंद करा.

– टी. ई. (ई अँड टीसी)