मूकपटांचा राखणदार

पॅरिस शहरातील मोंपार्नास या रेल्वे स्थानकात सुमारे शंभर वर्षांपूर्वी खेळण्यांचे व मिठाईचे एक लहानसे दुकान होते. टोकदार पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध गृहस्थ ते चालवीत. गाडी गाठण्याच्या घाईत असलेल्या प्रवाशांपैकी फारच थोड्यांना ते कोण आहेत हे ठाऊक असे. ते होते झॉर्झ मेलिएस. मूळचे जादूगार असलेल्या या कलावंताने १९०२ साली चंद्रावरच्या सफरीचा मूकपट काढून देशोदेशींच्या प्रेक्षकांना थक्क केले होते. त्यांनी पाचशेहून अधिक लहानमोठे चित्रपट निर्माण केले. परंतु पुढे लोकांची आवड पालटली, कर्ज वाढले, आणि १९२३ साली वैतागाच्या भरात त्यांनी आपल्या चित्रपटांच्या मूळ फिती स्वतःच्या हातांनी जाळून टाकल्या.

त्या काळी याचे कोणाला फारसे दुःख झाले नाही. चित्रपट म्हणजे चार घटकांची करमणूक, असे सुशिक्षित लोकही मानीत. फितीवर चांदीचा अंश असे. तो काढून घेण्यासाठी जुन्या फिती वितळविल्या जात. १९२७ नंतर बोलपट आले आणि मूकपटांना कोणी विचारीनासे झाले. रद्दी विकावी तशा त्यांच्या फिती वजनावर विकल्या जाऊ लागल्या. आपल्याकडेही याहून निराळे घडले नाही. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या भारतातील पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

हा नाश ज्याला पाहवला नाही, त्या तरुणाचे नाव आंरी लांग्लवा. त्याचा जन्म १३ नोव्हेंबर १९१४ रोजी तुर्कस्तानातील स्मर्ना या बंदरात एका फ्रेंच कुटुंबात झाला. १९२२ साली युद्धाच्या धुमश्चक्रीत स्मर्नाला भीषण आग लागली व त्या संपन्न शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. लांग्लवा कुटुंब पॅरिसला येऊन राहिले. नांदते जग पाहता पाहता नाहीसे होते, ही गोष्ट सात वर्षांच्या त्या मुलाच्या मनावर कोरली गेली असल्यास नवल नाही.

पॅरिसमध्ये आंरीला चित्रपटांचे वेड लागले. अभ्यासात त्याचे चित्त रमेना. शालान्त परीक्षेत तो अनुत्तीर्ण झाला. वडील खिन्न झाले आणि त्यांनी त्याला एका छापखान्यात कामाला लावले. तेथेच त्याला झॉर्झ फ्रांझू हा तितकाच वेडा सोबती भेटला. त्या दोघांनी १९३५ साली एक लहानसे मंडळ काढले व जुने मूकपट मिळवून ते रसिकांना दाखविण्यास आरंभ केला. पुढल्याच वर्षी, १९३६ मध्ये, ‘सिनेमातेक फ्रांसेझ’ ही संस्था उभी राहिली. पुस्तकांचे ग्रंथालय असते, तसे हे चित्रपटांचे ग्रंथालय. संस्थापक बावीस वर्षांचाही झालेला नव्हता आणि संग्रहात जेमतेम दहा चित्रपट होते! जागेअभावी फितींचे डबे आईवडिलांच्या घरातील न्हाणीघरात, आंघोळीच्या टबात रचून ठेवावे लागत, असे सांगतात.

डबे वाढत गेले. आता घरात त्यांना थारा देणे शक्य नव्हते, कारण त्या काळच्या फिती एका ठिणगीने भडकत. मेलिएस या वेळी पॅरिसजवळच्या ओर्ली येथे, चित्रपट व्यवसायातील वृद्धांसाठी असलेल्या आश्रमात राहत होते. त्या आश्रमाच्या आवारात एक पडकी इमारत होती. लांग्लवा व फ्रांझू यांनी ती भाड्याने घेतली, तीत फिती ठेवल्या आणि तिची किल्ली मेलिएस यांच्या स्वाधीन केली. ज्यांनी आपले चित्रपट जाळले होते, तेच आता इतरांच्या चित्रपटांचे पहिले रक्षक झाले. १९३८ च्या जानेवारीत मेलिएस वारले.

दोनच वर्षांनी फ्रान्सवर मोठे संकट कोसळले. १९४० च्या जूनमध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. नाझींनी अनेक चित्रपटांवर बंदी घातली व सापडतील त्या प्रती जप्त होऊ लागल्या. लांग्लवा यांनी आपले डबे मित्रांच्या घरी, तळघरांत, दूरच्या खेड्यांत नेऊन दडविले. काही डबे तर मुलांच्या बाबागाडीत घालून भर रस्त्याने नेले, असे म्हणतात. नवल असे, की या कामी एका जर्मन अधिकाऱ्याचेही साहाय्य झाले. तोही चित्रपटांचा जाणकार होता, आणि धाड पडण्याचा संभव असला म्हणजे तो आधी सूचना देई.

लोटे आइस्नर या विदुषीची कथा तर अधिकच रोमहर्षक आहे. त्या ज्यू होत्या. १९३३ साली जर्मनी सोडून त्या फ्रान्समध्ये आल्या होत्या. छावणीतून निसटून, खोटे नाव धारण करून त्या दक्षिणेकडे लपून राहिल्या. लांग्लवा यांनी त्यांना तेथील एका जुन्या गढीत दडविलेल्या फितींचे काम सोपविले. ऐन थंडीत एकेक डबा उघडून आत काय आहे हे त्या पाहत व टिपून ठेवीत. पकडले गेल्यास प्राणाशी गाठ होती. युद्ध संपले, त्या सुखरूप परतल्या आणि पुढे कित्येक वर्षे याच संस्थेत राहिल्या.

युद्धानंतर, १९४८ साली, सिनेमातेकचे छोटे प्रेक्षागृह सुरू झाले. बसायला जागा अवघ्या साठ! तेथे रोज जुने चित्रपट दाखविले जात. काही तरुण पहिल्या रांगेत ठाण मांडून बसत. जागा नसली तर जमिनीवर बसत. त्रूफो, गोदार, रिव्हेत ही त्यांतील काहींची नावे. पुढे याच तरुणांनी फ्रेंच चित्रपटांना नवे वळण दिले. त्यांची शाळा म्हणजे ते प्रेक्षागृह.

लांग्लवा यांच्यात दोषही होते, व ते लहान नव्हते. कोणता डबा कोठे आहे, याची सारी नोंद त्यांच्या डोक्यात असे. कागदावर फारशी नसे. लंडनमधील अशाच संस्थेचे प्रमुख म्हणत, की आधी फिती नीट जतन कराव्यात, मग दाखवाव्यात. लांग्लवा यांना ते पटत नसे. पडद्यावर न येणारा चित्रपट त्यांना मेल्यासारखाच वाटे. १९५९ साली त्यांच्या एका साठ्याला आग लागून अनेक फिती जळाल्या. तेव्हा टीकाकारांच्या बोलण्यात तथ्य नव्हते, असे म्हणता येत नाही.

अखेर फेब्रुवारी १९६८ मध्ये, अव्यवस्थेचे कारण दाखवून, त्यांना संस्थेच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. पॅरिसमध्ये एकच खळबळ उडाली. दिग्दर्शक, नट, विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पोलिसांनी लाठ्या चालविल्या आणि त्यांत त्रूफो व गोदार यांनाही मार बसला. चार्ली चॅप्लिनसह देशोदेशींच्या कलावंतांनी लांग्लवा यांची बाजू घेतली. ते परत येईपर्यंत आमचे चित्रपट सिनेमातेकने दाखवू नयेत, अशा तारा अनेकांनी धाडल्या. एप्रिलमध्ये त्यांना पुन्हा पदावर घेण्यात आले, पण सरकारी साहाय्य मात्र बरेच घटले.

पैशाची चणचण असतानाच १९७२ साली लांग्लवा यांनी चित्रपटांचे संग्रहालय उघडले. जुने जादूचे कंदील, कॅमेरे, नटनटींचे पोशाख, नेपथ्याचे तुकडे, सारे त्यांनी स्वतः मांडले. १९७४ साली अमेरिकेत त्यांना सन्माननीय ऑस्कर पारितोषिक मिळाले. दहा चित्रपटांचा तो संग्रह आता साठ हजारांच्या घरात गेला होता.

१३ जानेवारी १९७७ रोजी पॅरिसमध्ये लांग्लवा यांचे निधन झाले. मोंपार्नासच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. तिच्यावरील शिळा चित्रपटांतील दृश्यांच्या लहान लहान छायाचित्रांनी भरून गेलेली आहे. ज्या रेल्वे स्थानकात मेलिएस खेळणी विकत बसत, तेथून ही जागा पायी थोड्याच अंतरावर आहे.